उजव्या हाताचा चमत्कार

केंद्राच्या जेवणघरात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलं भिंतीला लावली होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून नातेवाईक खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसले होते. ज्यांना स्वतःची मान सावरता येत नव्हती, अशा पेशंटनाही चाकाच्या खुर्चीत पट्ट्याने बांधून पुढच्या रांगेत आणून ठेवलं होतं. हे मेंदूच्या दुखण्यातून सावरणाऱ्यांचं केंद्र. इथे कोणाची वाचा गेलेली, कोणाची नजर, तर कोणाचं अर्धं अंग. एरवी भेटीच्या वेळेला चार माणसं जमली तरी गर्दी म्हणायची. आज मुकी माणसं बोलणार होती, म्हणून अख्खं गाव लोटलं होतं.

"मी कोण?" पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने माइकवर विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "मी कोणी नाही. मी फक्त तार आहे. वीज तुमच्या आईची, दिवा तुमच्या आईचा. तारेला कोणी नमस्कार करतं का? करू नका."

लोकांनी लगेच हात जोडले. तारेनेही ते मुकाट घेतले.

स्वतःला तो वाचादाता म्हणवून घेई. कपाळाला काही लावत नसे, गळ्यात काही घालत नसे. "मी बाबा नाही, मी शास्त्र आहे," हे त्याचं पालुपद. कंपनं, लहरी, पेशींची स्मृती असे शब्द तो एकामागून एक असे काही सोडायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच कळत नाही म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं असणार. त्याचं सगळं भांडवल म्हणजे बाराखडी रंगवलेली एक प्लायवूडची फळी. पेशंटचा हात धरायचा, फळीवर न्यायचा आणि बोट अक्षरांवरून फिरू लागलं की शिष्याने ती अक्षरं माइकवर मोठ्याने वाचायची.

"लोक चांगला हात धरतात," तो म्हणाला. "चांगल्या हाताने कोणीही बोलेल. मी मेलेल्या हाताला बोलतं करतो."

त्याने शिवणवाल्या काकूंचा उजवा हात उचलला. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेला तो हात सात आठवड्यांपूर्वी एका सकाळी मशीनवरून खाली पडला, तो पुन्हा उठलाच नव्हता. वाचाही त्याच सकाळी गेली. काकूंकडे शब्द उरले होते दोनच, "हो ना." पाणी हवं असलं तरी हो ना, नको असलं तरी हो ना, रागानेही हो ना आणि रडतानाही हो ना.

"आई, तुम्हाला लेकाशी बोलायचंय?"

"हो ना," काकू म्हणाल्या आणि सगळ्या जेवणघराच्या अंगावर काटा आला.

बोट फिरलं. शिष्य वाचू लागला. "ब... काना... ळ... काना. बाळा."

काकूंचा मुलगा चाळिशीचा, बस चालवणारा, आडव्या हाडाचा गडी. तो जागच्या जागी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. खिडकीत बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बोट मात्र थांबलं नव्हतं. "गोळ्या विष," असं आलं. मग, "इथून ने."

दाराशी औषधांचा ट्रे धरून उभी असलेली नर्स काही रडली नाही. तिला सगळे मिरची सिस्टर म्हणत, तिच्या तोंडावरही म्हणत. गर्दीतला एकूण एक माणूस बोटाकडे बघत होता. मिरची सिस्टर काकूंच्या डोळ्यांकडे बघत होती, कारण वीस वर्षांच्या नोकरीत तिला तीच सवय लागली होती. काकूंचे डोळे फळीवर नव्हतेच. ते डावीकडे होते, रडणाऱ्या मुलावर. बोट उजवीकडे अक्षरं शोधत होतं आणि बाईने त्या बाजूला एकदाही पाहिलं नव्हतं.

पाहणार तरी कशी? काकूंच्या मेंदूला जिथे मार बसला होता, तिथे वाचा आणि उजव्या अंगाबरोबर उजव्या बाजूची नजरही गेली होती. डोळे धड होते, पण समोरच्या जगाचा उजवा अर्धा भाग त्यांच्यापुरता पुसला गेला होता. ताटातलं डाव्या बाजूचं संपवायच्या आणि उजवीकडचं तसंच राहायचं. म्हणून मिरची सिस्टर त्यांच्याशी डावीकडून बोले, पाण्याचा पेला डावीकडे ठेवी आणि नवीन आयाबाईंनी उजवीकडून अचानक हात लावला तर त्यांना फैलावर घेई. वाचादाता मात्र पहिल्यापासून उजवीकडे बसला होता. पेशंटला काय दिसतं आणि काय नाही, हे त्याने कोणालाच विचारलं नव्हतं. त्याला गरजच काय होती?

बोट कोणाच्या जिवावर फिरतंय हेही तिला दिसत होतं. त्याची चार बोटं काकूंच्या मनगटाखाली होती आणि अंगठा त्यांच्या तर्जनीच्या पाठीवर. अंगठा दाबला की बोट खाली जाई.

हे सगळं तिने आज पहिल्यांदा पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका दवाखान्यात, तिच्याकडे एक पोस्टमन होता. सायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला, बोलता न येणारा, झटके येणारा. झटक्यांची गोळी ती घड्याळ लावून देई. एके दिवशी हाच माणूस हीच फळी घेऊन आला आणि फळीवर उमटलं, "सिस्टर चिमटे काढते." दुसऱ्या दिवशी आलं, "गोळ्या नकोत." सिस्टरला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. गोळ्याही बंद झाल्या. चौथ्या सकाळी पोस्टमनला लागोपाठ झटके आले आणि त्यातच तो गेला. त्याच्या बायकोला वाचादात्याने शांतपणे सांगितलं, "काल फळीवर आलं होतं ना, मला जाऊ दे. त्यांनीच मागितलं, ताई."

तेव्हापासून मिरची सिस्टरच्या पोटात एक निखारा होता. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. या बाबतीत काळाने काडीचाही गुण दिला नव्हता. तिला सूड हवा होता, आणि ही गोष्ट सांगताना ते झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. वाचादात्याने मात्र तिला ओळखलंही नाही. अशा माणसांना नर्सचा गणवेश दिसतो, चेहरा दिसत नाही.

दुपारी ती काकूंच्या मुलाला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "आईला इथून न्यायच्या कागदावर सही केलीत?"

"परवा करणार. परवा सकाळी शेवटचं सत्र आहे. मग गोळ्या बंद करायच्या आणि आईला त्यांच्या वाचाधामात न्यायचं. आईनेच सांगितलंय."

"दादा, रक्त पातळ ठेवायची गोळी बंद केलीत तर पक्षाघाताचा दुसरा झटका येऊ शकतो. पहिल्याने वाचा नेली. दुसरा काय नेईल ते मी बोलत नाही."

"तिने मला बाळा म्हटलं, सिस्टर. सात आठवडे मी त्या एका शब्दासाठी इथे बसतोय. तुम्ही म्हणता ते खोटं? मग बाळा कुठून आलं? त्या माणसाला काय माहीत?"

"आईच्या पलंगावर 'माझी ओळख' असा कागद लावलाय. कोणी लिहिला तो?"

प्रत्येक पलंगाशी असा एक कागद असे. पेशंटला काय आवडतं, कशाची भीती वाटते, घरातल्यांना तो काय हाक मारतो, हे घरच्यांनी लिहायचं, म्हणजे नर्स आणि आयाबाई त्याच्याशी माणसासारखं बोलू शकतील.

"मीच लिहिला," मुलगा म्हणाला. "लिहिलंय त्यात. मुलाला बाळा म्हणते म्हणून. पण म्हणून काय झालं? खरं तेच लिहिलंय ना मी?"

मिरची सिस्टरच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. ते तिने गिळलं. बुडणाऱ्याच्या हातातली काडी हिसकावून घेतली तर तो तुमच्यावरच धावून येतो, हे तिला पोस्टमनच्या घरच्यांनी शिकवलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "तुमचं खरं. माझं एकच ऐका. परवा तुम्ही आईच्या डाव्या हाताला बसा, अगदी खांद्याला खांदा लावून. आईला जे दिसेल ते तुम्हालाही दिसायला हवं. एवढं कराल?"

"करतो," तो गोंधळून म्हणाला.

मग ती वाचादात्याकडे गेली, आणि जिच्या तोंडाला अख्खं केंद्र टरकून असे, ती साखरेत घोळलेली बोलू लागली. "दादा, वीस वर्षं आम्ही नुसत्या गोळ्याच दिल्या. तुमच्यासारखी दृष्टी कुठली आमच्याकडे? परवा मी चित्रांची कार्डं दाखवू का काकूंना? त्या हाताने वस्तूंची नावं सांगतील. शंकेखोर लोक असतात ना, त्यांची तोंडं कायमची बंद होतील."

स्तुती ऐकली की त्या माणसाची मान आपोआप तिरकी व्हायची. "उत्तम कल्पना," तो म्हणाला. "लहरींना चित्र लवकर पकडता येतं."

त्या संध्याकाळी ती पोस्टमनच्या बायकोच्या घरी गेली. काय सांगितलं, किती सांगितलं, ते त्या दोघींनाच ठाऊक. निघताना बाई एवढंच म्हणाली, "येते मी. पण तू चुकीची निघालीस ना, तर तुला माझ्या दारात पाऊल टाकू देणार नाही."

परवाची सकाळ उजाडली. गर्दी दुप्पट झाली होती. केंद्राचा व्यवस्थापकही नवा शर्ट घालून पुढे बसला. काकूंची खुर्ची मध्ये, उजवीकडे वाचादाता आणि त्याची फळी, डावीकडे मुलगा. मागच्या रांगेत, कोणाच्या लक्षात येणार नाही अशी, पोस्टमनची बायको.

मिरची सिस्टरने टेबलावर पुठ्ठ्याची एक घडी उभी केली. तिचा कणा काकूंकडे होता, एक पाख डावीकडे वळलेली, दुसरी उजवीकडे. दोन्ही पाखांवर एकेक चित्र चिकटवलं होतं. समोरच्या लोकांना पुठ्ठ्याची कोरी पाठ तेवढी दिसत होती.

"काकू," ती डाव्या कानाशी वाकून म्हणाली, "चित्र बघा. काय आहे ते तुमच्या उजव्या हाताने सांगा."

"हो ना," काकू म्हणाल्या.

वाचादात्याने डोळे अर्धवट मिटले. मिटले म्हणजे किती, तर चित्र दिसण्यापुरते उघडे ठेवले. बोट हललं.

"च," शिष्याने वाचलं. "काना. व. वेलांटी. चावी."

वाचादात्याने स्वतःच पुठ्ठ्याची आपल्याकडची पाख उचलून लोकांना दाखवली. चावीचं ठसठशीत चित्र. टाळ्यांनी पत्रे हादरले. कोणीतरी पाया पडायला पुढे धावलं. मिरची सिस्टरने टाळ्या पूर्ण होऊ दिल्या. दोन वर्षं थांबलेल्या बाईला आणखी अर्धं मिनिट जड नव्हतं. उलट त्या अर्ध्या मिनिटाची तिला गोडीच लागली होती.

एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता. काकूंचा मुलगा पुठ्ठ्याच्या डाव्या पाखेकडे टक लावून बसला होता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "इकडे चावी नाहीये."

"काय?"

"आमच्या बाजूला कात्री आहे. मी आईला चिकटून बसलोय. मला कात्री दिसतेय."

मिरची सिस्टरने पुठ्ठा उचलला आणि दोन्ही पाखा लोकांपुढे उघडून धरल्या. "काकूंना उजवीकडचं दिसत नाही," ती म्हणाली. आवाजातली साखर आता पार संपली होती. "त्या आजारी पडल्या त्या दिवसापासून दिसत नाही. त्यांच्या केसपेपरात पहिल्या पानावर लिहिलंय. इथला झाडूवालासुद्धा त्यांच्याशी डावीकडून बोलतो. काकूंनी पाहिली कात्री. चावी पाहिली एकाच माणसाने. आणि फळीवर काय आलं?"

उत्तर सगळ्यांनीच ऐकलं होतं.

वाचादाता मुरलेला होता. त्याने मंद हसून मान डोलावली. "सिस्टर, तुम्ही नजरेचं बोलता, मी पेशींचं बोलतो. आईंच्या मनात घराची चावी आहे. त्यांना घरी जायचंय. लहरींनी चित्र ओलांडून मनातलं पकडलं. हो की नाही आई?"

"हो ना," काकू म्हणाल्या. गर्दीत पुन्हा थोडी चुळबुळ झाली.

"काकू," मिरची सिस्टर डावीकडून म्हणाली, "तुम्ही पुरुष आहात का?"

"हो ना."

"मी तुमची सासू आहे का?"

"हो ना," काकू म्हणाल्या आणि त्यांचा डावा तळवा मांडीवर सपाट पडला. ओठांच्या एका कोपऱ्यात हसूही आलं. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"त्यांच्या तोंडाकडे बघू नका, डाव्या हाताकडे बघा," ती म्हणाली. "तळवा सपाट म्हणजे नाही, अंगठा वर म्हणजे हो. रोज सकाळी भेटीच्या वेळेआधी मी त्यांना असे दहा वेडगळ प्रश्न विचारते. दहापैकी दहा बरोबर आले तरच त्या दिवशी त्यांच्या खुणेवर विश्वास ठेवते. माझी खूण मी रोज तपासते. आता यांची फळी एकदाच तपासू. दादा, तुम्ही आणि हा शिष्य बाहेर जा. मी काकूंना एक वस्तू दाखवते. आत या आणि मेलेल्या हाताकडून तिचं नाव काढून द्या. जमलं तर मी नोकरी सोडते आणि तुमची फळी पुसत बसते."

"अविश्वासाने लहरी तुटतात," वाचादाता म्हणाला.

"मघाशी चावी दिसत होती तोवर नव्हत्या तुटल्या."

आता हसू मागून पुढच्या रांगेपर्यंत आलं. "जा की बाहेर," खिडकीतून एक म्हातारा म्हणाला. "आमच्या पोरीचा हात धरलात काल. तिने जे जे लिहिलं ते आम्ही खरं मानलंय. जा बाहेर." मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. व्यवस्थापक खुर्चीत चुळबुळ करत छताचे पंखे मोजू लागला. शेवटी वाचादात्याला शिष्यासकट जावंच लागलं.

मिरची सिस्टरने काकूंच्या डाव्या हातात खरी कात्री दिली, सगळ्यांना दाखवली आणि खिशात टाकली. वाचादाता शिष्याला घेऊन आत आला. त्याने हात धरला. बोट बराच वेळ फळीवर घिरट्या घालत राहिलं. अखेर शिष्य पडलेल्या आवाजात वाचू लागला. "म... वेलांटी... मी... थ... क... ल... मात्रा. मी थकले."

"काकू, थकलात?"

डावा तळवा मांडीवर सपाट पडला.

मुलगा उठला. त्याने वाचादात्याच्या पकडीतून आईचा उजवा हात सोडवला आणि तो अलगद तिच्या मांडीवर ठेवला. मग गोळ्यांची डबी घेतली आणि डाव्या बाजूला गुडघ्यांवर बसला. "आई, या गोळ्या बंद करायच्या?"

काकूंनी तळवा आपटला. एकदा नाही, तीनदा. तेवढ्यावर त्यांचं भागलं नाही. त्यांनी डबी ओढून घेतली, पोटाशी धरली आणि दोन दिवसांचा सगळा संताप ओतून मुलाला म्हणाल्या, "हो ना."

"नाही करत," मुलगा म्हणाला. "चुकलो आई. नाही करत."

वाचादाता या गडबडीत फळी काखोटीला मारून दाराकडे सरकला होता. दारात पोस्टमनची बायको उभी होती.

"ओळखलंस?" तिने विचारलं. "नसशील ओळखलं. माझा नवरा पोस्टमन होता. त्याचाही हात तूच धरला होतास."

"ताई, त्यांचा आत्मा..."

"मला जाऊ दे, असं आलं होतं फळीवर. दोन वर्षं मी ते वाक्य उशाशी घेऊन झोपते. स्वतःला समजावते, की त्यालाच नको होतं जगणं, त्यानेच सांगितलं, माझ्या हातून गोळ्या बंद झाल्या तर त्याच्याच इच्छेने झाल्या. ते तो नव्हता म्हणाला. तू म्हणालास."

लहरी, पेशी, तार असं सगळं बोलणारा तो माणूस आता तिच्या बाजूने वाट काढू लागला. पोस्टमनच्या बायकोने त्याच्या काखेतून फळी ओढून घेतली. तो द्यायला तयार नव्हता, पण बसड्रायव्हर मागे येऊन उभा राहिल्यावर झाला. व्यवस्थापकाने पोलिसांना फोन लावला. आपल्याला पहिल्यापासून संशय होता, असंही तो फोनवर सांगत होता.

मिरची सिस्टरला त्या क्षणी जे वाटलं ते सांगायला हवं. तिला आनंद झाला. त्या माणसाचं तोंड राखेसारखं झालेलं बघून तिला अगदी पोटभर जेवल्यासारखं वाटलं. आणि मग तिने पोस्टमनच्या बायकोला फळीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवताना पाहिलं. सूड उगवताना आपण या बाईची उशीही काढून घेतली, हे तिला आत्ता कळलं.

"रागावलात माझ्यावर?" तिने विचारलं.

"रागावलेय," बाई म्हणाली. "पण तुझा राग नंतर. आधी याचा संपवू दे. चल ठाण्यात. एकटीने नाही लिहिता यायचं मला."

निघायच्या आधी मिरची सिस्टर लोकांकडे वळली. भाषण तिला येत नव्हतं. कामावर आलेल्या नवीन मुलीला समजावतात तसं ती बोलली. "तुमच्या घरात कोणाची वाचा गेली तर त्याच्याशी बोलायचं आहेच, आणि ते जमतंही. वेळ लागतो. त्याला कुठल्या बाजूचं दिसतं, कुठल्या कानाने ऐकू येतं, ते आधी आम्हाला विचारा. त्याच्याकडे शिल्लक काय आहे ते शोधा, बोट, पापणी, काहीही, आणि त्या खुणेची रोज परीक्षा घ्या. आणि कोणी येऊन म्हणाला की तुमच्या माणसाचं बोलणं माझ्या हातातून येतं, तर त्याला आधी खोलीबाहेर काढा. पेशंटला एक वस्तू दाखवा. मग त्याला आत घ्या आणि विचारा. दोन मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी ती दोन मिनिटं कोणी दिली असती, तर यांचे मालक आज असते."

ठाण्यातल्या हवालदाराने फळी उलटसुलट करून पाहिली. "यात चोरीला काय गेलं, बाई?" त्याने विचारलं. "तक्रारीत लिहू तरी काय?"

"लिहा," पोस्टमनची बायको म्हणाली. "माझ्या नवऱ्याला बोलता येत नव्हतं. या माणसाने त्याच्या नावावर त्याचं मरण मागितलं, आणि मी ते दिलं. तसंच लिहा. माझं नावही लिहा."

मिरची सिस्टरने खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसली. हवालदाराने पेन उघडलं.